सोलापूरच्या गड्ड्यावर राजम्माचा मांडव

सोलापूरला थंडी पडते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या रत्नागिरीत सोलापूर म्हटलं की लोक आधी कपाळावरचा घाम पुसून दाखवतात, मग पुढे बोलतात. म्हणून पौषात निघताना मी ट्रंकेत विंझणा टाकला आणि शाल घरी ठेवली. सकाळी स्टेशनावर उतरले तेव्हा माझे दात वाजत होते. आमचे हे टांगेवाल्याला सांगत होते, "अहो, ही थंडी तुमच्याकडची नव्हे, आम्ही आंबा घाटातून बरोबर आणलीय." टांगेवाल्याला विनोद काही कळला नाही. त्याने मुकाट्याने घोड्याच्या पाठीवरची घोंगडी काढली आणि माझ्या पायांवर टाकली. घोड्याच्या वासासकट अशी मी सोलापुरात शिरले.

निघालो कशाला ते आधी सांगते. रत्नागिरीच्या बाजारात आमचं छत्र्या, कंदील आणि शाळेच्या पाट्यांचं दुकान आहे, मागेच घर. पावसाळा संपला की छत्र्या बसून राहतात. तेव्हा त्या जागी सोलापुरी लुगडी ठेवावीत असं यांच्या मनाने घेतलं. यांची बहीण, आमच्या वत्सलावन्सं, सोलापुरात भवानी पेठेत राहतात. भावजी गिरणीत कारकून आहेत. वन्संचं कितीतरी वर्षांचं बोलावणं होतं. शिवाय संक्रांतीला तिथे सिद्धेश्वराची मोठी जत्रा भरते, तिला गड्डा म्हणतात, तीही पाहायची होती. मोटारीचा आणि आगगाडीचा प्रवास मी सांगत बसत नाही. धूळ सगळीकडे सारखीच लागते. एवढंच सांगते की कुर्डुवाडीच्या पुढे उजाडताना खिडकीतून काळी जमीन दिसायला लागली. आमच्या तांबड्या चिऱ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ती आधी ओली वाटली. मग कळलं, तिचा रंगच तसा. तिच्यावर नजर पोचेल तिथवर ज्वारी उभी होती आणि वाऱ्याबरोबर सगळी एकदम वाकत होती. समुद्र दिसला नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. ती ज्वारी पाहून जरा बरं वाटलं.

भवानी पेठ

आमच्याकडे सकाळी आधी कावळे ऐकू येतात, मग समुद्र. भवानी पेठेत हातमाग ऐकू येतात. घराघरातून खटक-खट, खटक-खट. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पहिले दोन दिवस या आवाजानं झोप लागत नाही. मग कधी माग बंद पडले तर जाग येते."

न्याहारीला भाकरी आली. मोडायला गेले तर ती कट्‌कन तुटली आणि तुकडा उडून भावजींच्या चहात पडला. ही कडक भाकरी, पापडासारखी, पुष्कळ दिवस टिकते. बरोबर दही आणि शेंगदाण्याची लालभडक चटणी, कुटून कुटून तेल सुटलेली. आमच्याकडे सगळ्यात नारळ, इथे सगळ्यात शेंगदाणा. भाजीत तो, आमटीत तो, संक्रांतीच्या पोळीतसुद्धा तोच. दोन दिवस मी नारळाची आठवण काढली. मग काढली नाही.

मी घरून फणसपोळ्या नेल्या होत्या. फणसाचा रस तेल लावलेल्या ताटात पसरून उन्हात वाळवायचा, की ही पोळी होते. दर उन्हाळ्यात मी घरी करते आणि ओळखीपाळखीत विकते. वन्संनी त्यातल्या दोन बशीत घालून मागच्या घरी पाठवल्या. दुपारी मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, उंच, सावळी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसांत झेंडू. हातात आमची बशी, रिकामी.

"ह्ये कुनी केलं?" तिने विचारलं.

"मी केलं."

"कशाचं हाय?"

"फणसाचं."

तिने फणस कधी पाहिला नव्हता. मी हातांनी आकार दाखवला. तिला वाटलं मी थट्टा करतेय. "एवढं मोटं फळ झाडावर? फांदी मोडंल की!" मग ती हसली, मीही हसले, आणि ओळख झाली. ही राजम्मा. तिचा नवरा नरसय्या विणकर. घरात चार माग. घरी ती सगळी तेलुगू बोलतात आणि बाहेर इथली मराठी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावणं आलं. आधी पुरुषांची पंगत. राजम्माला मदत म्हणून मी भाताचं पातेलं घेऊन वाढायला गेले. नरसय्याच्या पानात एक डाव घातला, तर तो म्हणाला, "चालु, चालु!" मला वाटलं, माणसाला भूक आहे. मी आणखी घातला. तो हात आडवा धरून मोठ्याने म्हणाला, "चालु! चालु!" मी म्हटलं, संकोच कशाला, आणि हाताच्या फटीतून आणखी दोन डाव वाढले. भावजींना हसता हसता ठसका लागला. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’. बिचाऱ्या नरसय्याने तो सगळा भात चिंचेच्या साराबरोबर संपवला. पानात टाकणं त्याला पटेना.

जेवताना धंद्याचं बोलणं निघालं. पेठेतला एक सूतवाला शेटजी नरसय्याला सूत देई आणि विणलेलं प्रत्येक लुगडं स्वतः घेऊन जाई. आता तो म्हणत होता, शेजारचं छप्पर घे, बारा माग टाक, सगळ्यांना सूत मी पुरवतो.

"मग टाका की!" हे पाटावर सरसावून बसले. "अशी संधी रोज येते का?"

"मी तयार हाय," नरसय्या म्हणाला. "घरातून न्हाय म्हनती."

"बायकांचं असंच असतं हो," हे म्हणाले. "आहे ते बरं आहे. आमच्या हिच्या पोळ्यांना दारात गिऱ्हाईक उभं राहतं, आणि ही सांगते संपल्या! धंदा वाढवायची हौसच नाही मुळी."

दोघेही समदुःखी हसले. राजम्मा ताक वाढत होती. यांच्या वाटीत ताक जरा उंचावरून पडलं आणि सदऱ्यावर उडालं.

कांड्या भरताना

त्या दुपारी मी तिच्याकडेच रेंगाळले. मागावर आडवा धागा टाकायला छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळून द्यावं लागतं. ते काम बायका रहाटावर करतात. राजम्माने मला एक रहाट दिला. मी पहिल्याच फेरीत सुताचा असा गुंता केला की तो सोडवायला तिची सासू येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता तेलुगूत पुष्कळ काही बोलली. राजम्माने ते मराठीत सांगायचं टाळलं.

"तुला खरंच बारा माग नकोत?" मी विचारलं.

तिने रहाट थांबवला नाही. "बारा माग कुनाचे, सांगा. सूत शेटजीचं. माल शेटजीचा. रंग त्यो सांगनार, काठ त्यो सांगनार. चार मागावर आमी त्याचं चार गडी हाय. बारावर बारा हूनार. ह्यात वाढलं कोन?"

मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या पेटीतून एक लुगडं काढून माझ्या मांडीवर टाकलं. गर्द जांभळं अंग, आणि काठात पिवळी-हिरवी ज्वारीची कणसं, एकाला एक टेकून उभी. असा काठ मी कुठे पाहिला नव्हता. नळावर पाण्याला उभं असताना तिने बायकांना विचारलं होतं, तुम्हाला काय आवडेल? एकीने रंग सांगितला, दुसरीने काठ किती रुंद हवा ते सांगितलं. तिने शेटजीच्या कामातून वेळ काढून, वेगळं सूत आणून, मोठा ढीग विणला होता. शेटजीने तो काठ पाहून म्हटलं होतं, असलं चालत नाही.

"गड्ड्यावर मांडव टाकून सोता विकायचा हाय," ती म्हणाली. "पन शेटजीला कळलं तर सूत बंद करंल. हे भित्यात."

मी लुगडं पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होते. ती म्हणाली, "वैनी, एक इचारू? तुमच्या पोळ्या संपत्यात, मंजे मानसं दारातनं परत जात्यात?"

"हो. ज्येष्ठ सरायच्या आत एकसुद्धा उरत नाही." हे सांगताना मला नेहमी फार अभिमान वाटत असे.

"परत जात्यात तवा तुमाला बरं वाटतं?"

मी हो म्हणायला गेले, पण ते खरं वाटेना. मला काय वाटतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. फणस तर आमच्याकडे झाडाखाली कुजून जातात. दोन हातांनी जेवढं होतं तेवढं मी करत आले. तिसरा हात कोणाचा मागावा, हे कधी मनातही आलं नाही. यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मी काहीतरी पावसाचं कारण सांगितलं. राजम्माने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

बार्शीच्या वाटेवर, शेतात

भोगीच्या आधी भावजींनी हुरड्याचा बेत केला. बार्शीच्या वाटेवर त्यांच्या ओळखीच्या एका धनगराचं शेत होतं. आम्ही, नरसय्या आणि राजम्मा, सगळे एका बैलगाडीत निघालो. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचं, आणि ते हिरवे दाणे चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मी फुंकर मारली ती उलट्या वाऱ्याला. सगळं भूस यांच्या मिशांत गेलं. जन्मात इतकं गोड धान्य मी खाल्लं नव्हतं. तांदूळ खाणाऱ्यांनी एकदा पौषात तिकडे जाऊन यावं, यापेक्षा मी जास्त काय सांगू!

शेतमालक गणपा आणि त्याची बायको भागूबाई आमच्यात येऊन बसली. बांधावर शेळ्यांचा कळप चरत होता. हे म्हणाले, "गणपा, कळप मोठा आहे तुझा!"

"माजा कुटला," गणपा म्हणाला. "हिचा हाय. माहेरनं एक शेळी घेऊन आली व्हती. म्या म्हनतो, आता बास कर. तर म्हनती, पलीकडचं रान बी घ्या चरायला."

"व्हय, घ्याच," भागूबाई म्हणाली. "शेळी काय हितंच थांबती व्हय? तिला पिल्लं हुत्यात की."

वन्सं पदराआड हसल्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे कणसातले दाणे फार लक्ष देऊन सोलत होते.

तेवढ्यात भागूबाईचं लक्ष राजम्माच्या अंगावरच्या लुगड्याकडे गेलं. कणसांचाच काठ होता. ती सरकत जवळ आली आणि काठ बोटांत धरून बघू लागली. "लई ब्येस हाय. ह्यो काठ कुटं मिळतो?"

"शेटजीच्या दुकानात मिळत न्हाय," राजम्मा म्हणाली.

"तितं काय मिळतंय! दाखवनार बाप्या, निवडनार आमचं बाप्या. नेसायची मी. मला कोन इचारतंय?"

 राजम्माने नरसय्याकडे पाहिलं. नरसय्याने आरात एक कणीस उगाच उलटंपालटं केलं. परतताना गाडीत नवराबायकोचं तेलुगूत बरंच बोलणं झालं. पेठ आली तेव्हा नरसय्या यांना म्हणाला, "ठरलं. गड्ड्यावर हिचा मांडव. ढीग गेला तर हिचं ऐकनार. न्हाय गेला तर संक्रांतीनंतर बारा माग."

गड्ड्यावर

तलावाकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढे मैदानभर जत्रा. भोगीला आम्ही देवाच्या लग्नाच्या अक्षतांचा सोहळा पाहिला. देवाच्या काठ्या म्हणजे नंदीध्वज, आमच्या नारळीच्या झाडाएवढे उंच. ते एकेक माणूस कमरेला पट्टा बांधून उभेच्या उभे तोलत आणतो. गर्दीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळं एकदम कानांवर येत होतं. अक्षता उडाल्या तशा सगळ्यांच्या डोक्यांवर सारख्याच पडल्या. आमच्याकडे जत्रा म्हणजे दशावतार आणि खाजं. इथे विहिरीत फटफटी फिरवणारा मौतका कुवा, फिरता सिनेमा, बत्तासे, घोंगड्या, भांडी, बांगड्या, आणि सगळ्यांवरून फिरणारा लाकडी आकाशपाळणा.

संक्रांतीला सकाळी राजम्माचा मांडव उभा राहिला, नेमका पाळण्याच्या समोर. जागा उशिरा मागितल्यामुळे तीच उरली होती. नरसय्या पुढे गादीवर बसला, कारण दुकान म्हटलं की पुढे पुरुष हवा. राजम्मा मागे घड्या लावत बसली. बायका येत, काठाकडे बघत, जरा थबकत, मग नरसय्याच्या पगडीकडे बघत आणि पुढे जात. पुरुष येत आणि विचारत, "पाळण्याचं तिकीट हितंच मिळतं का?" दुपार झाली तरी ढीग तसाच. हे मला हळूच म्हणाले, "वाईट वाटतं, पण मी सांगितलंच होतं."

नरसय्या जेवायला उठला. राजम्मा उठून पुढे येऊन बसली. पगडी हलल्याबरोबर दोन बायका आल्या, उकिडव्या बसल्या, काठ हातात घेतला, उलटा करून पाहिला, चुरगळून पाहिला. एकीने विकत घेतलं. मग तिसरी आली. नरसय्या पोट भरून परत आला आणि पाहतो तर गादीवर जागाच नाही. तो यांच्याजवळ बाजूला उभा राहिला. पुन्हा बसू का, असं त्याने कोणाला विचारलं नाही.

पण जत्रेतली माणसं पाण्यासारखी. समोरून वाहत जातात, थांबवणार कसं? राजम्मा माझ्याकडे पाहत म्हणाली, "वैनी, तुमी गोऱ्या हाय. जांभळं तुमाला खुलून दिसंल. नेसता का?" वन्संनी मला मांडवाच्या मागे नेलं आणि ते लुगडं नेसवलं. मग वन्सं म्हणाल्या, "आता एवढी नटलीस तर पाळण्यात बसू या."

मी भिते, हे मी आधीच सांगते. होडीत बसून मोठी झाले तरी माडीच्या कठड्याशीसुद्धा मी उभी राहत नाही. पण वन्संनी हात धरून ओढलं. पाळणा माणसं हातांनी ढकलून फिरवत. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात आमची पेटी अगदी वर गेली आणि कर्र आवाज करून पाळणा थांबला. खालून पाळणेवाले चाचा ओरडले, "डरो नक्को बाई, खीला अटक्या है, अब्बी निकलता!"

खिळा काही निघेना. मी डोळे मिटून वन्संचा दंड धरला. मग वारा सुटला आणि माझा पदर खांद्यावरून निसटला. तो धरेपर्यंत त्याचं टोक पेटीबाहेर गेलं आणि सगळ्या मैदानावर फडफडायला लागलं. मी एक टोक छातीशी धरून ठेवलं होतं, दुसरं ओढत होते आणि ते येत नव्हतं. खाली हशा पिकला. शरमेनं माझे कान तापले. डोळे उघडून पाहते तर तलाव, देऊळ, गिरण्यांची धुराडी, आणि खाली शेकडो वर वळलेली तोंडं. त्यांत हे, दोन्ही हात वर करून, मला झेलणार असल्यासारखे उभे.

गर्दीतून एका बाईने हाक मारली, "ओ बाई! लुगडं कुटलं वं?"

मी जन्मात कधी माझा माल ओरडून विकला नाही. गिऱ्हाईक आलं तरी मी दाराआडून बोलते. पण त्या उंचीवर माझं काय झालं कोण जाणे. मी पेटीची कड धरून उभी राहिले आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "समोरच्या मांडवातलं! राजम्माचं! राजम्माचा काठ आहे हा!"

"बस गं खाली!" वन्सं किंचाळल्या. पण मला बसवेना. मी आणखी दोनदा ओरडले. मग पदर नीट पसरून धरला, सगळ्यांना दिसेल असा. भीती कुठे गेली होती ते मला अजून कळलेलं नाही.

खिळा निघाला आणि आम्ही खाली आलो तेव्हा मांडवापुढे बायकांची दाटी झाली होती. माझ्या अंगावरचंच हवं म्हणून दोघींचं भांडण चाललं होतं. भागूबाई गणपाला घेऊन आली होती. तिने सुनेसाठीही एक घेतलं. नरसय्या मागे उभा राहून भराभर घड्या उलगडून देत होता, आणि आमचे हे टोपी सावरत लोकांना रांगेत उभं करत होते. दिवेलागण झाली तेव्हा गादीवर थोडीशीच लुगडी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी एक टांगा मांडवापुढे थांबला आणि शेटजींची बायको उतरली. नरसय्याचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "पाळण्यावर उडालं ते लुगडं दाखव गं." राजम्माने दाखवलं. तिने दोन घेतली, एक तिथेच खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि गेली. शेटजींनी सूत बंद केलं नाही. घरात बायकोच तो काठ मिरवत असताना करणार तरी कसं!

त्या संध्याकाळी मांडव सोडताना नरसय्या एकदम उत्साहात आला. "पुढच्या गड्ड्याला दोन मांडव! आणि शेजारचं छप्पर मी घेतोच. तुझ्याच काठाचे बारा माग!"

राजम्मा दोऱ्या गुंडाळत होती. "छप्पर कशाला? गल्लीत माग लई हायत. सहा घरच्या बायकांशी मी बोलले. त्या घरी इनतील, काठ माझा. पेठेत दुकान टाकायचं, बायका येऊन बसतील असं. मग बार्शीला. मग अक्कलकोटला, तिकडं कानडी बायकांना रुंद काठ लागतो."

नरसय्या गादीवर बसला. आमचे हेही त्याच्या शेजारी बसले. एका छपराखाली किती माग मावतील ते हे दोघे मोजत होते, आणि ही गावंच्या गावं धरून बसली होती. नरसय्या म्हणाला, "मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तुमी बाराच्या पुढं इचारलं न्हाय," राजम्मा म्हणाली. मग दोघं हसायला लागली, आणि नरसय्याने उरलेल्या दोऱ्या तिच्या हातून घेतल्या.

परत

निघताना यांनी शेटजींच्या दुकानाकडे न जाता राजम्माच्या लुगड्यांचा गठ्ठा बांधून घेतला. राजम्मा स्टेशनावर आली होती. तिने मला कडक भाकऱ्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "पुढच्या वर्साला त्ये फळ घेऊन या. बघितल्याबिगर मी मानत न्हाय."

आंबा घाट उतरताना, हवा ओलसर झाली तसं मी यांना सांगितलं की यंदा फणसपोळ्या मी एकटी करणार नाही, वाडीतल्या बायकांना घेऊन करणार. यांना इतका आनंद झाला की साखरपा येईपर्यंत यांनी बोटीने मुंबईला माल पाठवला होता, गोदाम बांधलं होतं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटीही लावली होती. मी बोलू दिलं. पाटीचं तेवढं मला पटलं नाही, तसं मी सांगितलं. मग पाली येईपर्यंत हे खिडकीतून फणसाची झाडं मोजत होते.

वैशाखात आमच्या मागील दारी सात जणी बसल्या. कोणाचा रस जाड, कोणाचा पातळ, पहिला घाणा तर मुंग्यांनीच नेला. पण ज्येष्ठ सरत आला तरी मी कोणाला दारातून परत पाठवलं नाही. चिपळूण, देवरुखकडून मागणी यायला लागली. सोलापूरला मी एक अख्खा फणस पाठवला. वाटेत तो पिकला आणि भावजी लिहितात की स्टेशनापासून भवानी पेठेपर्यंत टांग्याच्या मागे माशा होत्या.

परवा देवरुखचे एक गृहस्थ दुकानात आले. मी आत रस गाळत होते, बोलणं ऐकू येत होतं. छत्र्या आणि कंदिलांकडे पाहून ते जरा गोंधळले आणि यांना विचारू लागले, "फणसपोळीवाल्या बाईंचं दुकान हेच का?"

गल्ल्यामागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे उभे राहिले असावेत.

"हेच," हे म्हणाले. "मी त्यांचा नवरा. बसा, बोलावतो."

माझे हात कोपरापर्यंत रसाने भरले होते. तशीच बाहेर आले.